चार तासांची पुस्तकं

सोमवार, ४ मार्च

ही वही डॉक्टरांनी पाण्याची नोंद ठेवायला सांगितली होती. दिवसभरात किती प्यायलो ते लिहायचं. चहा, औषधाबरोबरचा घोट, सगळं. पहिली तीन पानं इमानेइतबारे भरली. आज चौथ्या पानावर पाणी सोडून बाकीचंच लिहावंसं वाटतंय.

आज सहावं डायलिसिस. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर वेळी चार तास. डाव्या हातात दोन सुया. एकीतून रक्त बाहेर जातं, यंत्रातून धुऊन निघतं आणि दुसरीतून परत येतं. डॉक्टर म्हणाले, "आता हे जन्मभर." पस्तीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. विज्ञान, तत्त्वज्ञान, इतिहास, बाकीचे ज्याला नको म्हणायचे ते सगळं माझ्या टेबलावर. 'जन्मभर' हा शब्द हजारदा डोळ्यांखालून गेला असेल. त्यातला ऱ्हस्व-दीर्घ बघितला, पुढे गेलो.

केंद्राच्या दारावर पाटी आहे, 'रक्तशुध्दी केंद्र'. द आणि ध ची अदलाबदल. रक्त शुद्ध करतील हो, पण शब्दाचं काय? सिस्टरच्या कानावर घातलं. ती म्हणाली, "काका, तुमचं वजन अडीच किलोने वाढलंय. आधी त्याचं बघू या का?" पोरगी पंचविशीची आहे, पण पहिल्याच प्रयत्नात नस सापडते तिला. याबद्दल तिचे आभार मानायला हवेत. मानले नाहीत.

घरी आल्यावर हिला सांगून टाकलं, "दोन महिने बघतो. नाही सोसलं तर बंद करायचं." ही कणीक मळत होती. हात तसेच पिठाचे ठेवून माझ्यासमोर येऊन बसली.

"किती म्हणालात? दोन महिने?"

"हो."

"बरं," म्हणाली आणि उठून गेली. रडारड नाही, भांडण नाही. चौतीस वर्षं संसार केला, पण हिच्या 'बरं'चा अर्थ मला अजून लागत नाही.

सोमवार, ११ मार्च

आज ही बरोबर आली होती. मला आत सोडून गेली नाही, बाहेर सिस्टरशी बराच वेळ बोलत होती. कसला तरी फॉर्म भरायचा होता म्हणे. नंतर माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाशीही बोलली. हिला कुणाशीही बोलता येतं. मला पुस्तकातल्या माणसांशी येतं.

शेजारचा माणूस चार वर्षांपासून इथे येतो. पूर्वी गोदीत क्रेन चालवायचा. तीस वर्षं सत्तर फुटांवरून खालच्या माणसांशी बोलल्यामुळे याला हळू बोलणं माहीत नाही. मशीन सुरू झालं तसा ओरडला, "काय प्रूफवाले! तुमच्या मिसेस म्हणत होत्या, घरात पुस्तकांची खोलीच आहे. मी चार वर्षं या छताकडे बघतोय. पंख्याला किती स्क्रू आहेत ते तोंडपाठ झालंय. काहीतरी वाचायला आणा की!"

"काय आवडतं तुम्हाला?"

"आवडायला आधी वाचायला तर हवं!"

उत्तर बिनतोड होतं. चार तास मनात कपाट चाळत होतो. मशीनवरचं घड्याळ बघायचं राहून गेलं, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

बुधवार, १३ मार्च

काल पूर्ण सकाळ कपाटासमोर. छापखाना दर पुस्तकाची एक प्रत तपासनिसाला द्यायचा, तेवढीच माझी कमाई. क्रेनवाल्याला काय द्यावं? शेवटी पृथ्वीच्या वयावरचं काढलं. माणसांनी पृथ्वीचं वय कसकसं मोजलं त्याची गोष्ट आहे. कुणी दगडांचे थर मोजले, कुणी समुद्राचं मीठ, कुणी तापलेला गोळा गार व्हायला किती काळ लागेल त्याचं गणित मांडलं. भारी भारी माणसं, आणि एकेक जण चुकत गेला.

ही फडकं घेऊन आली. "काय आहे त्यात?" तिला सांगितलं. तासभर सांगितलं. बिचारीने ऐकून घेतलं. ही वाचणाऱ्यातली नाही, तिच्या वाट्याला घर आलं आणि माझ्या वाट्याला पुस्तकं. मी कधी मागे लागलो नाही. प्रत्येकाची आवड.

शुक्रवार, १५ मार्च

लिहून ठेवलंच पाहिजे असं घडलं.

क्रेनवाला चार तास घोरत होता. पुस्तक पोटावर उपडं. माझा अपमान गिळून मी पडून होतो. सिस्टर माझ्या सुया काढायला आली आणि हा डोळे चोळत म्हणतो, "प्रूफवाले, एक विचारू? गोळा गार व्हायचं गणित ज्याने केलं, त्याचं गणित अगदी बरोबर होतं असं लिहिलंय. मग गणित बरोबर असून माणूस चुकतो कसा?"

ते पुस्तक मी दोनदा तपासलं. एकेक स्वल्पविराम मला माहीत आहे. हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नाही.

"सोमवारी सांगतो," म्हटलं.

"नक्की ना? वाट बघतो हं."

घरी आल्या आल्या हिला सांगितलं. ही भांडी विसळत होती, पाठ माझ्याकडे. "अगं, असला प्रश्न विद्वानाला सुचणार नाही! आणि कोण विचारतोय, तर गोदीतला क्रेनवाला!"

"एवढा चांगला आहे का हो प्रश्न?"

"चांगला? मला पस्तीस वर्षांत सुचला नाही."

तिने नळ मोठा सोडला. हिला अशा गोष्टींचं काय कौतुक असणार? पण मला कुणाला तरी सांगायचं होतं. ती होती. आज मनापासून बरं वाटलं.

सोमवार, १८ मार्च

उत्तर शोधण्यात शनिवार-रविवार गेला. क्रेनवाल्याला सांगितलं, त्याच्या गणितात चूक नव्हती, पण पृथ्वीच्या पोटात उष्णता तयार होत राहते हे त्या काळी कुणालाच ठाऊक नव्हतं. जे माहीत नाही ते गणितात कसं येणार? क्रेनवाल्याने मान डोलावली. चार तास पुन्हा घोरला. सुया काढताना पुन्हा नवा प्रश्न! हा माणूस सवय म्हणून असं करतो की काय? "मधे विचारा की हो," मी म्हटलं. तो सिस्टरकडे बघून हसला. सिस्टरही हसली. या दोघांचं काहीतरी मेतकूट असावं. ती त्याला गुपचूप बर्फाचा तुकडा देत असणार.

बुधवार, २७ मार्च

समोरच्या खुर्चीवर एक टेलरताई असते. साठीची, बारीक, बोलण्यात कात्री. क्रेनवाल्याचं ऐकून तिने गेल्या आठवड्यात पुस्तक मागितलं. माझा आत्मविश्वास आता वाढलेला. राजवटींच्या उदयास्ताचा सहाशे पानी इतिहास दिला. आज तिने परत केला.

"नाही आवडलं?"

"चाळीस पानांत अकरा राजे मेले. मी एकालाही ओळखत नव्हते, मग दुःख तरी कसं करू?"

"पण ग्रंथ थोर आहे."

"असेल की. पण तुम्ही माप न घेता शिवलंत. मला काही विचारलंत? मी काय करते, मला कशाचं कुतूहल आहे? आपल्याला जे आवडतं ते दुसऱ्याच्या अंगावर घालायचं आणि वर म्हणायचं, छान दिसतंय."

क्रेनवाला एवढ्या मोठ्याने हसला की त्याचं मशीन वाजायला लागलं.

राग आला. घरी येईपर्यंत ओसरला. बाई बरोबर बोलली. पस्तीस वर्षं मी पुस्तकं तपासली, वाचणारं माणूस कधी तपासलं नाही. आज जेवताना हिला हे सांगितलं, तर ही माझ्याकडे टक लावून बघत राहिली. "काय झालं?" म्हटलं, तर म्हणे, "काही नाही. टेलरताईंना एकदा भेटायला हवं."

शुक्रवार, ५ एप्रिल

टेलरताईला आधी विचारलं. म्हणाली, "मला एकच कोडं आहे. टेपवरचा सेंटीमीटर एवढाच का? कुणी ठरवला? माझी आजी तर दोरीला गाठी मारून माप घ्यायची."

मोजमापांचा इतिहास होताच कपाटात. दिला. आज तिने मला चार तासांत झोपू दिलं नाही. पूर्वी गावागावाचा हात वेगळा होता, बाजाराच्या भिंतीत लोखंडी पट्टी बसवायचे, भांडण झालं की कापड तिथे नेऊन मोजायचे, हे तिने मला असं सांगितलं की जणू पुस्तक तिने लिहिलंय. मीटर ठरवण्यासाठी दोन माणसं वर्षानुवर्षं डोंगर चढत-उतरत होती आणि त्यातल्या एकाने आपल्या मोजणीतली बारीकशी विसंगती मरेपर्यंत लपवून ठेवली, इथे येऊन ती थांबली.

"बिचारा," म्हणाली. "सांगून टाकायचं की हो. कुणी खाल्लं असतं का?"

मीही एकदा एका ग्रंथातलं साल चुकीचं जाऊ दिलं होतं आणि दोष अक्षरजुळणीवर ढकलला होता. हे मी तिला सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "झालं ना हलकं?"

झालं.

शुक्रवार, १२ एप्रिल

किरकोळ नोंदी.

पाटीवरचा शब्द सिस्टरने दुरुस्त करून घेतला. माझ्यासाठी, असं म्हणाली. मी आभार मानले. वेळेवर मानले.

हिने चष्म्याचा नंबर वाढवून घेतला. विचारलं तर म्हणे, औषधांच्या पट्ट्यांवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत.

कपाट आवरताना ही पुस्तकांतल्या माझ्या खुणा हलवते. 'मी म्हणजे नेमका कोण' या विषयावरचं तत्त्वज्ञानाचं पुस्तक क्रेनवाल्यासाठी काढून ठेवलं होतं, आज दिलं; त्यातली पट्टी पंधराव्या पानावरून एकशे दहाव्यावर गेली. "धूळ झटकताना पुस्तकं उघडायची कशाला?" मी चिडलो. ती म्हणाली, "चुकलं." आणि चहा ठेवायला गेली. फार बोललो का?

आणि क्रेनवाल्याचा आजचा प्रश्न, अर्थात सुया काढताना: "माणसाचं रक्त बाहेर जाऊन धुऊन परत येतं. असं वर्षानुवर्षं. मग घरी परत जातो तो माणूस तोच का, की दुसरा?" हा माणूस गोदीत वाया गेला. मी हिला तसं बोलूनही दाखवलं.

"वाया कशाला जाईल?" ही म्हणाली. "आता विचारतोय ना."

सोमवार, २२ एप्रिल

जमेल तसं लिहितो.

क्रेनवाल्याने आधीचं पुस्तक परत दिलं, पृथ्वीच्या वयाचं. घरी येऊन कपाटात ठेवताना त्यातून तीन चिठ्ठ्या पडल्या. पहिलीवर: 'गणित बरोबर असून माणूस चुकतो कसा? असं विचारा.' खाली: 'सुया काढताना विचारा. आधी नको. म्हणजे ते पुढच्या वेळी उत्तर द्यायला येतील.' दुसरीवर मिठाचा प्रश्न. तिसरीवर: 'त्यांना वाटता कामा नये कि मी सांगितलं.'

'कि' ऱ्हस्व. चौतीस वर्षं सांगतोय, 'की' दीर्घ लिही. हिचं अक्षर ओळखायला मला ऱ्हस्व-दीर्घाचीही गरज नव्हती.

म्हणजे सगळं ठरवून. बायको, सिस्टर, क्रेनवाला. लहान मुलाला बाहुला दाखवून औषध पाजतात तसं. आणि मी घरी येऊन हिलाच हिचे प्रश्न कौतुकाने सांगत होतो! नळ मोठा सोडून ही हसत असणार.

चिठ्ठ्या टेबलावर मांडून ठेवल्या. तिने पाहिल्या. उभी राहिली.

"अहो..."

"दोन महिने व्हायला अजून बारा दिवस आहेत," मी म्हटलं. "ते तुला माफ."

गुरुवार, २५ एप्रिल

काल गेलो नाही. सिस्टरचे चार फोन. उद्याही जाणार नाही. ही जेवण वाढते. दारात रिक्षा बोलावून उभी राहिली होती काल, अर्धा तास. रिक्षावाला कंटाळून गेला तरी उभी होती.

रविवार, २८ एप्रिल

आडवं होता येत नाही. छातीत पाणी भरल्यासारखं. पाय सुजलेत. दुपारचे दोन. ही फोनवर कुणाशी तरी बोलतेय, 'लगेच या' म्हणते आहे. मी नको म्हणणार होतो, पण नको म्हणायला दम पुर

गुरुवार, २ मे

रुग्णालयात. वरचं वाक्य अर्धवट आहे, पण दुरुस्त करत नाही, राहू दे.

फुप्फुसांत पाणी झालं होतं. रविवारी दुपारी गाडीत घालून आणलं, आणल्याबरोबर मशीनवर. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन तास उशीर झाला असता तर बोलायला नको. दोन दिवस लागोपाठ डायलिसिस झालं. सिस्टर तिच्या सुटीच्या दिवशी इथे येऊन माझ्या नसेत सुया घालून गेली, कारण सुजलेल्या हातात दुसऱ्या कुणाला नस सापडेना. जाताना पांघरूण नीट केलं.

मरण समोरून पाहिल्यावर मोठं काहीतरी सुचतं असं मी कितीतरी पुस्तकांत तपासलंय. मला एवढंच सुचलं होतं की श्वास हवा आहे. कुणीही, कसाही, खोटं बोलून दिला तरी चालेल.

मंगळवारी क्रेनवाला आला होता. स्वतःच्या सुटीच्या दिवशी दोन बस बदलून. स्टूल ओढलं आणि खोली दणाणली.

"काय प्रूफवाले! रागावून मरायला निघाला होता काय?"

"तुम्ही मला फसवलंत."

"फसवलं. कबूल. पहिल्या तीन वेळा मी पुस्तक उघडलंसुद्धा नाही. चिठ्ठी पाठ करायची, झोपायचं, सुया निघाल्या की म्हणून दाखवायची. तुमच्या मिसेस पहिल्या दिवशी माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, यांना परत यायला कारण हवंय, माझ्यासाठी येणार नाहीत, पण उत्तर द्यायचं राहिलं असेल तर नक्की येतील. मी काय नाही म्हणू?"

मी भिंतीकडे तोंड केलं.

"ऐका तर! चौथ्या वेळी चिठ्ठीच समजेना. रक्त धुऊन येतं तो माणूस तोच की दुसरा, हे काय लफडं आहे? म्हणून पुस्तक उघडलं. चष्मा शोधायला अर्धा तास गेला. त्यात आहे, जहाजाची एकेक फळी बदलत गेलात तर ते जहाज तेच राहतं का. तुमचा तो लेखक पन्नास पानं घोळ घालतो. अहो, मला विचारायचं! माझ्या क्रेनचा दोर बदलला, मोटर बदलली, दांडा बदलला, सीट तर तीनदा बदलली. पण पहिल्या दिवसापासून ती जरा डावीकडे ओढायची, ती शेवटपर्यंत डावीकडेच ओढायची. तीच क्रेन! माणसाचंही तेच. कितीही रक्त धुवा, त्याची खोड राहते. तुम्हीच बघा की, मरता मरता रुसलात."

"खोड म्हणजे माणूस हे पटत नाही," मी म्हटलं. "खोड सुटलेली माणसंही असतात. ती कोण मग?"

"कोण सुटलंय? एक दाखवा!"

"दारू सोडलेले हजारो आहेत."

"ते सोडल्याची खोड लावून घेतात!"

मी उठून बसलो. त्याला पुस्तकाचं सातवं प्रकरण वाचा म्हटलं. तो म्हणाला, वाचलंय, त्यातच लेखक घसरलाय. आमचा आवाज एवढा चढला की इथली नर्स धावत आली आणि त्याला बाहेर काढलं. दारातून तो ओरडला, "उत्तर राहिलंय तुमचं! पुढच्या बुधवारी यायचं!"

ही चिठ्ठी कुणी लिहिलेली नव्हती.

तो गेल्यावर विचार आला. या माणसाचं आणि माझं नातं काय? शेजारची खुर्ची. तेवढ्यावर तो दोन बस बदलून आला.

रविवार, ५ मे

घरी. काल नीट बोललो हिच्याशी. सगळं लिहितो, कारण माझी आठवण मला सोयीचं तेवढंच ठेवते.

मी विचारलं, "किती वाचलीस?"

"अकरा. एक अर्धं टाकलं, टेलरताईंनी परत केलं ते राजांचं. तो लेखक स्वतःवर फार खूश आहे."

मला हसू आलं. तपासताना मलाही अगदी तसंच वाटलं होतं. हे मी या खोलीत कुणाशी तरी बोलू शकलो असतो, गेली वीस वर्षं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कधी? चौतीस वर्षांत माझ्या हातात पुस्तक दिलंत ते फडकं मारायला." रागाने बोलली नाही, गव्हातला खडा काढून दाखवावा तसं बोलली. "आणि खोटं कशाला बोलू, मला तरी कुठे वाचायचं होतं? पण तुम्ही दोन महिने म्हणालात. तुम्हाला धरून ठेवेल असं काय आहे, सारखा विचार केला. मी धरून ठेवू शकत असते तर तुम्ही तसं बोललाच नसतात. मग ही खोलीच उरली. म्हटलं, बघू तरी यांना एवढं कशाने बांधलंय. पहिलं तुम्ही झोपल्यावर रात्री जागून वाचलं, मग तुम्ही मशीनवर असायचात तेव्हा वाचायचे. तिथेच, बाहेरच्या बाकावर."

चार तास. दर वेळी. मला वाटायचं ही घरी जाऊन येते.

"आधी काही कळायचं नाही. एकेक पान तीनदा. मग एकदा त्या गणितवाल्यापाशी आले, आणि मला त्याचं इतकं वाईट वाटलं. सगळं बरोबर केलं बिचाऱ्याने, फक्त आत काय धगधगतंय ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही घरी येऊन म्हणालात ना, असा प्रश्न विद्वानाला सुचणार नाही. मी नळ सोडून रडले हो. हसत नव्हते. लग्न झाल्यापासून माझ्या डोक्याचं कौतुक तुम्ही पहिल्यांदा केलंत, आणि ते क्रेनवाल्याच्या नावावर गेलं."

मग तीच पुढे म्हणाली, "आणि एक राग आहे. एवढी चांगली चांगली पुस्तकं. एकट्याने खाल्लीत."

तिचे दोन्ही हात हातात घेतले. 'उपकार' म्हणावं तर परकेपणा, 'माफ कर' म्हणावं तर फार स्वस्त. शेवटी म्हटलं, "पुढचं कुठलं वाचू, ते तू सांग."

तिने हात सोडवून घेतले, उठली, कपाटासमोर उभी राहिली. माझ्यासारखा पूर्ण सकाळ वेळ घेतला नाही. खालच्या फळीवरून एक काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. रक्ताभिसरणाचा शोध कसा लागला त्याचा इतिहास. मी एकोणतीस वर्षांपूर्वी तपासलं होतं. अर्थ लक्षात न घेता, आता कबूल करतो.

"हे सगळ्यांसाठी आहे," म्हणाली. "पण तिथे एका हाताने पान उलटायला जड जातं तुम्हाला. डावा हात अडकलेला. मी वाचून दाखवेन."

बुधवार, ८ मे

क्रेनवाल्याला उत्तर दिलं. त्याला पटलं नाही. शुक्रवारी पुढचं.

सोमवार, ३ जून

आज दिवस होता तसा लिहितो.

सिस्टरने डॉक्टरांची परवानगी काढून हिच्यासाठी एक स्टूल मिळवलंय. क्रेनवाला, टेलरताई आणि मी यांच्या मधोमध ठेवतात. ही साडेनऊला चष्मा चढवते. पंधरा मिनिटांनी पलीकडच्या ओळीतल्या दोघांनी सिस्टरला टीव्ही बंद करायला सांगितला. तो बंद व्हावा म्हणून मी तीन महिने अर्ज करणार होतो.

ही वाचताना अडते. लांब शब्दापाशी थांबते, पुन्हा सुरुवातीपासून म्हणते. पहिल्या दिवशी मी दोनदा दुरुस्त केलं. टेलरताईने माझ्याकडे असं पाहिलं की तिसऱ्यांदा तोंड उघडलं नाही. आता मला तिचं अडणं आवडायला लागलंय. तिथे आम्ही सगळे थांबतो आणि शब्दाकडे नीट बघतो.

आज गोष्ट ऐन रंगात आली होती. शेकडो वर्षं सगळ्यांची समजूत की खाल्ल्या अन्नाचं रक्त बनतं आणि शरीरात मुरून जातं. मग एका वैद्याला शंका आली. हृदय एका ठोक्याला किती रक्त ढकलतं याचा त्याने अंदाज बांधला, अर्ध्या तासाचे ठोके धरले, गुणाकार केला.

"किती आलं?" क्रेनवाला.

"थांबा हो, वाचतेय ना! अख्ख्या शरीरात असतं त्याच्याहून जास्त."

"मग एवढं रक्त येतं कुठून?"

"तेच त्याने विचारलं."

माझ्या डाव्या बाजूला मशीनची चाकं गोल गोल फिरत होती. नळीतून माझं रक्त जात होतं, येत होतं. टेलरताई स्वतःच्या नळीकडे बघत होती. क्रेनवाला चक्क हळू आवाजात म्हणाला, "तेच फिरून येतंय की काय..." कुणी चिठ्ठी न देता, पुस्तकाच्या एक पान आधी. हिने पुस्तकावरून मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. शाबासकी द्यावी तसं. मग माझ्याकडे पाहिलं. मी हिच्याचकडे बघत होतो.

तेवढ्यात माझं मशीन वाजलं, मागोमाग टेलरताईचं. वेळ झाली होती. सिस्टर हातमोजे चढवत टेलरताईच्या खुर्चीपाशी आली आणि सुईवरच्या पट्टीला हात लावला.

टेलरताईने आपला मोकळा हात तिच्या हातावर ठेवला.

"थांब गं बाई जरा," म्हणाली. "एवढं पान होऊ दे."